धुतल्यावर गोधडी आकसते, फुगते, रंग सोडते: इलाज सुई उचलायच्या आधी

शिवून झाली तेव्हा गोधडी चारी कोपऱ्यांनी जमिनीला टेकलेली असते. पहिलं धुणं झालं, वाळवून आत आणली, की तिची टोकं वर वळतात, मधे पोट येतं, टाक्यांच्या ओळींत चुण्या पडतात. अस्तर पांढरं असेल तर त्यावर लालसर ओघळ दिसतात ते वेगळेच. आमच्या दर्यापूर भागात होळी झाली की ही तक्रार सुरू होते. तोवर कापसाची वेचणी आटोपलेली असते, बायांच्या दुपारा मोकळ्या होतात, घरोघरी जुन्या गोधड्या धुवायला निघतात आणि नव्या शिवायला पडतात. "माय व, हे तं पार आकसून गेली!" म्हणत कुणी ना कुणी गाठोडं घेऊन ओट्यावर येतं, आणि बोल लागतो तो शिवणारीच्या हाताला.

मी गोधड्या शिवते, आणि बिघडलेल्या उसवून दुरुस्तही करते. उसवताना पोटातलं सगळं दिसतं, म्हणून ठामपणे सांगते: टाका बहुतेक वेळा चांगलाच असतो. बिघाड झालेला असतो तो कापड तयार करताना, किंवा तयार न करताच शिवायला घेतल्यानं. गोधडीत चार-पाच थर येतात आणि प्रत्येकाचं वय, सूत, रंग वेगळा. हे सगळे थर आपापलं आकसणं आणि रंग सोडणं उरकून आलेले असले, तरच ते एका दोऱ्यात नीट राहतात.

चुणी कुठे पडली ते आधी बघा

उसवायची घाई करू नका. गोधडी जमिनीवर पसरा, हात फिरवा, मग उलटी करून पुन्हा फिरवा.

दोन ओळींच्या मधे वरचं कापड फुग्यासारखं सुटलं असेल आणि आत हाताला घट्ट लागत असेल, तर आतला थर आकसला. आत नवं कोरं कापड घातलेलं असतं, नाहीतर वर सिंथेटिक साडी असते जी आकसतच नाही. गोधडीच्या कडा एकाच बाजूला वळत असतील तर ज्या बाजूला वळतात त्या बाजूचं कापड आकसलं, दुसऱ्या बाजूचं नाही. चुण्या फक्त टाक्यांच्या ओळीवरच असतील आणि मधलं कापड मऊ, मोकळं असेल, तर दोरा आकसला किंवा ओढून शिवला. कडेची चार बोटांची पट्टीच तेवढी गोळा झाली असेल तर साडीचा काठ तसाच ठेवलेला आहे किंवा फॉल काढायचा राहिला आहे. आणि फक्त मधोमध पोट आलं असेल, बाकी सगळं ठीक असेल, तर थर अंथरताना ढिले राहिले. हा दोष कापडाचा नाही, अंथरण्याचा.

आकसतं कशानं

मागावर ताण्याचे, म्हणजे उभे धागे ताणून धरलेले असतात. त्यात बाजारात देखणं दिसावं म्हणून कापडाला खळ दिलेली असते. पाणी लागलं की सूत फुगतं, खळ सुटते, धरून ठेवलेला ताण मोकळा होतो आणि कापड आपल्या खऱ्या मापावर येतं. नवं सुती कापड साधारण ३ ते ५ टक्के आकसतं, कोरा मांजरपाट त्याहूनही जास्त. आकडा लहान वाटतो. पण सात फुटांची गोधडी म्हणजे ८४ इंच, त्याचे ५ टक्के म्हणजे चार इंचांच्या वर. वरचा थर ८४ इंच आणि आतला ८० इंच झाला, तर ते चार इंच जाणार कुठे? तेच पोट, त्याच चुण्या. उभ्या धाग्यात हे आकसणं आडव्यापेक्षा बहुधा जास्त असतं, म्हणून सगळ्या थरांचा उभा धागा एकाच दिशेनं येऊ द्या. साडीची लांबी गोधडीच्या लांबीला लावली की हे आपोआप साधतं.

आज्यांच्या गोधड्या अशा का बिघडत नव्हत्या, याचं उत्तरही इथेच आहे. त्यांच्याकडे नवं कापड नसायचंच. वर्षानुवर्षं नेसलेलं, विहिरीवर आपटलेलं लुगडं आणि धोतर. त्या कापडाचं जे आकसायचं ते नेसतानाच आकसून गेलेलं. आता जुन्या साडीला जोड म्हणून बाजारातून कोरा मांजरपाट आणतात आणि त्याच दिवशी आत घालतात. तक्रारींचं सगळ्यात मोठं कारण मला हेच दिसतं.

गाठोडं उघडल्यावर

लोक कापड आणून देतात ते बोचक्यात. त्यात सहावारी साड्या, एखादं नऊवारी, परकर, बेडशीट, पोरांचे टी-शर्ट, सदरे, कधी पडदेसुद्धा. आमच्या वऱ्हाडात घरची म्हातारी गेली की तिचं लुगडं गोधडीत घालायला हमखास येतं. घेताना मी सगळं बोचकं ओट्यावर मोकळं करते आणि गिऱ्हाइकासमोरच ढीग करते, म्हणजे मागून "माही साडी काऊन नाई घातली?" असं होत नाही.

पहिली निवड सुती आणि बिनसुती अशी. हाताला कळतं, पण शंका असली तर कडेचे दोन-चार धागे काढून स्टीलच्या ताटलीत पेटवून बघा, बाकी कापड लांब ठेवून. सुती धागा कागदासारखा जळतो आणि बोटानं चुरडली तर भुकटी होईल अशी राख उरते. सिंथेटिक धागा आधी वितळतो, आकसतो आणि थंड झाल्यावर टणक मणी उरतो. मिसळीच्या कापडाची राखही होते आणि कणही लागतात. ते सिंथेटिकमध्येच धरा. सिंथेटिक साड्यांची गोधडी शिवू नये असं नाही, हलकी होते, लवकर वाळते. फक्त ती पूर्ण सिंथेटिकचीच शिवा. विदर्भाच्या उन्हाळ्यात अंगाखाली घ्यायची असेल तर मात्र सुतीच, कारण घाम टिपणारं कापड तेच. टी-शर्टचं होजिअरी कापड ताणलं जातं आणि धुतल्यावर आत गोळा होतं. ते मी परत देते.

मग फॉल. साडीचा फॉल म्हणजे वेगळ्याच कापडाची पट्टी, साडीपेक्षा वेगळी आकसणारी. ब्लेडच्या टोकानं एक टाका उचलायचा, चार बोटं सोडून दुसरा, मग दोरा हळूच ओढला की पट्टी लांबच्या लांब सुटून येते. फॉल निघाला की साडीचा खालचा काठ नव्यासारखा दिसतो आणि त्याच्या वरची पट्टी विटलेली, त्यावरून कापडाचा मूळ रंग कळतो. पिकोचा नायलॉन दोराही काढा, तो सुईला अडकतो. सदऱ्यांच्या शिवणी उसवा, खिसे, बटणं, कॉलर सगळं काढा. शिवण तशीच ठेवून आत घातली तर अंगाला टोचते आणि पहिली झीज तिथेच होते.

नवं कापड: उकळा, वाळवा, पुन्हा भिजवा

पांढरा किंवा कोरा सुती कपडा असेल तर तो रात्रभर साध्या पाण्यात भिजत घाला. सकाळी पाणी गढूळ, चिकट झालेलं दिसेल, ती खळ. ती टाकून द्या. मग मोठ्या गंजात पाणी, दहा लिटरला दोन चमचे धुण्याचा सोडा, आणि पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांच्या, जाळावर अर्धा तास उकळी. कापड पाण्यात पूर्ण बुडालेलं पाहिजे, काठीनं खालीवर करत राहा, नाहीतर डाग धरतो. स्वच्छ पाण्यात खळबळून वाळवा. पूर्ण वाळल्यावर पुन्हा एकदा भिजवून वाळवा, कारण थोडं आकसणं दुसऱ्या पाण्यालाही होतं.

खळ काढण्याचं आणखी एक कारण आहे. खळीला कसर लागते. पेटीत ठेवलेल्या गोधडीला आतून भोकं पडतात ती बऱ्याचदा न धुतलेल्या नव्या कापडापासून सुरू होतात. नुसता कडुलिंबाचा पाला ठेवून भागत नाही.

मापाची खात्री हवी असेल तर कापडाच्या उभ्या धाग्यात बरोबर २० इंचांवर रंगीत दोऱ्याचे दोन टाके घाला आणि धुऊन वाळल्यावर अंतर मोजा. १९ भरलं तर कापड ५ टक्के आकसलं. पुन्हा धुऊन पुन्हा १९च भरलं तर कापड शिवायला तयार. दुकानदार "धुतलेलंच कापड हाय" म्हणतो तेव्हा ही खूण फार उपयोगी पडते.

जुनं लुगडं किंवा विरलेली साडी मात्र उकळू नका. कोमट पाण्यात भिजवून हलक्या हातानं धुवा. धोपाटणं अजिबात नको.

रंग सोडणारं कापड

लाल, मरून, गडद निळा आणि काळा, या चारांवर कधीच विश्वास ठेवू नका. पांढरी चिंधी गरम पाण्यात भिजवून, पिळून, कापडाच्या कोपऱ्यावर दाबून घासा. चिंधीला रंग लागला तर ते कापड वेगळं काढा आणि चिंधी पांढरी राहीपर्यंत एकट्यानंच धूत राहा. काही साड्या दोन धुण्यांत थांबतात, काही थांबतच नाहीत. न थांबणारी साडी पांढऱ्या अस्तराशेजारी घालू नका; सगळी गोधडी गडद रंगाची करायची असेल तर चालेल.

मीठ किंवा तुरटी टाकली की रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात. मिठानं काही रंग त्या धुण्यापुरते कमी सुटतात, पुढच्या साध्या पाण्यात पुन्हा सुटतात. तुरटीचा गुण खरा आहे, पण तो आल किंवा मंजिष्ठेसारख्या वनस्पतींच्या रंगात, कापड रंगवतानाच. बाजारच्या तयार साडीवर नंतर तुरटीचं पाणी घालून रंग बांधला जात नाही. जास्तीचा रंग धुऊन काढणं एवढंच आपल्या हातात आहे. आणि ओली गोधडी कधीही घडी करून ठेवू नका, बहुतेक डाग धुताना नाही, ओल्या घडीत पडतात.

खारपाणपट्ट्यातलं पाणी

हे आमच्याकडचं खास दुखणं. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीखालचं पाणी खारं आहे. त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, वर पांढरी साय धरते आणि ती कापडात बसते. वाळल्यावर कापड करकरीत लागतं, पिवळं पडतं, सुई रेटावी लागते. शिवाय क्षार ओल धरतो, म्हणून अशा पाण्यात धुतलेली गोधडी श्रावणात हाताला कायम दमट लागते आणि तिला बुरशीही लवकर येते.

पाणी ओळखायचं तर बाटलीत अर्धं पाणी आणि साबणाचा लहान तुकडा घालून हलवा. फेसाऐवजी फाटलेल्या दुधासारखे कण दिसले तर त्या पाण्यात साबणाची वडी वापरू नका. आधी पाण्यात धुण्याचा सोडा घाला, मग डिटर्जंट पावडर. सोड्यानं पाण्याचा जडपणा कमी होतो, खारटपणा मात्र जात नाही. तो काढायला शेवटचं खळबळणं गोड्या पाण्यातच हवं: नळाचं असो, नाहीतर पावसाचं. ज्यांच्याकडे गोडं पाणी मोजकं आहे त्यांनी ते फक्त या शेवटच्या पाण्यासाठी राखून ठेवावं. आषाढ-श्रावणात पागोळीखाली पिंप लावून कापड तेव्हाच धुऊन ठेवा आणि उन्हाळ्यात शिवा. माझ्याकडे बाराही महिने धुतलेल्या कापडाचे गठ्ठे तयार असतात ते यासाठीच.

फाडणं, काठ काढणं

मापाला कापड कात्रीनं कापण्यापेक्षा फाडा. कात्रीनं इंचभर चीर द्या, दोन्ही बाजू घट्ट धरा आणि एका झटक्यात ओढा. चांगलं सुती कापड धाग्यात सरळ फाटत जातं. चीर मधेच वाकडी झाली किंवा कापड विरघळल्यासारखं सुटलं, तर ते कुजलंय, वरच्या थरात टिकणार नाही, पोटात घाला. कात्रीनं तिरपं, म्हणजे उरेब कापलेलं कापड ताणलं जातं आणि गोधडी एका कोपऱ्याकडे ओढत नेते.

नऊवारी लुगडं हाती असेल तर हिशोब सुरेख बसतो. नऊ वार म्हणजे २७ फूट. त्याचे चार तुकडे केले की प्रत्येकी पावणेसात फूट. दोन पन्हे जोडून वरची बाजू, दोन पन्हे जोडून खालची. एका लुगड्यात अख्ख्या गोधडीची दोन्ही अंगं निघतात. बसण्याच्या जागी ते विरलेलं असतं, तो भाग आधी उजेडासमोर धरून बघा आणि मागून सुती पट्टी लावा.

काठ अंगापेक्षा दाट विणलेला असतो, म्हणून तो वेगळा आकसतो. भंडारा-नागपूरकडच्या जुन्या करवतकाठी साडीत तर अंग टसरचं आणि काठ सुती असतो, दोन्हींची जात वेगळी. काठ फाडून वेगळा काढा, धुवा, आणि शेवटी गोधडीच्या चारी कडांना गोठ म्हणून लावा. कडा आधी झिजतात, तिथे हा दाट काठच उपयोगी.

अंथरणं आणि दोरा

थर ओसरीवर पसरताना खालचा थर ताणून चार कोपऱ्यांना वजनं ठेवा, प्रत्येक थरावर मधून कडेकडे हात फिरवा. पक्का टाका आपण कडेपासून आत घालत जातो, त्यामुळे ढिलं कापड सरकत सरकत मधे जमतं. म्हणून त्याआधी मधून कडेकडे लांब कच्चे टाके घाला, वीतभर अंतरावर. याला दुपार जाते, जाऊ द्या.

दोरा सुतीच घ्या. टेरिकॉटचा दोरा मजबूत म्हणून लोक आणून देतात, पण तो जुन्या मऊ कापडाला कापत जातो. दोरा तुटला तर पुन्हा घालता येतो, कापड फाटलं तर काय करणार? दोऱ्याची लडी आधी गरम पाण्यात बुडवून सावलीत वाळवा म्हणजे दोराही आकसून घेतो. मग मेणावरून एकदा ओढा. सुईत हातभरापेक्षा लांब दोरा ओवू नका आणि दर हातभर शिवण झाली की कापड तळव्यानं पसरवून दोरा जरा मोकळा सोडा.

धुण्याचे पैसे वेगळे

भिजवणं, उकळणं, वाळवणं, उसवणं या कामाला शिवण्याइतकेच दिवस लागतात, पण गिऱ्हाईक पैसे देतं फक्त शिवायचे. म्हणून शिवणाऱ्या बाया हे टाळतात, आणि नंतर बोलही त्याच खातात. माझं म्हणणं स्पष्ट आहे: एकतर गिऱ्हाइकानं कापड दोनदा धुऊन, फॉल काढून आणावं, नाहीतर तयारीची मजुरी वेगळी द्यावी. सकाळी निंदणाला जाऊन दुपारी सुई धरणाऱ्या बाईनं ही मेहनत फुकट का करावी? भाव ठरवताना हे पहिल्यांदाच सांगा, आठ दिवसांत गोधडी पाहिजे म्हणणाऱ्याला तर नक्कीच.

बिघडलेली हाती आली तर

दोरा आकसला असेल तर दुरुस्ती सोपी. दर दोन-तीन वितींवर दोरा कापा, गोधडी ओली करून पसरवा, चुण्या हातानं सोडवा, वाळल्यावर तिथे तिथे नवा टाका घाला. आतला थर आकसला असेल तर तीन बाजू आणि सगळ्या ओळी उसवाव्या लागतात. वरचं जास्तीचं कापड आतल्या थराच्या मापाला फाडायचं आणि नव्यानं शिवायचं. गोधडी चार बोटं लहान होते, पण सपाट होते. वर सिंथेटिक आणि आत सुती असं असेल तर मी वरचं अंगच बदलायला सांगते.

रंग लागला असेल तर गोधडी वाळू देऊ नका. ओली असतानाच मोठ्या टाकीत भरपूर पाणी घ्या, कापडाला सोसेल तेवढं गरम, त्यात डिटर्जंट, आणि दोन-तीन तास बुडवून ठेवा. पाणी रंगलं की बदला, पुन्हा बुडवा. एकदा वाळून, उन्हात तापून डाग बसला की तो सहसा निघत नाही. ब्लीच मात्र घालू नका, जुनं सूत त्यानं कमजोर होतं आणि मूळ रंगही जातो.

वाळवताना एका दोरीवर टाकू नका. ओली सुती गोधडी फार जड होते, वजनानं टाके ओढले जातात आणि आतले थर खाली सरकतात. बाजेवर पसरा, नाहीतर दोन दोऱ्यांवर आडवी टाका, आणि वैशाखाच्या उन्हात उलटी करून. आमच्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, त्या उन्हात गोधडी दुपारपर्यंत खडखडीत वाळते. त्यानंतर ती सावलीत घ्या, उगाच रंग विटवू नका. गोधडी गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी एक धुणं मी माझ्याच अंगणात करते. काही चुकलं असलं तर ते तिथेच कळतं आणि तिथेच उसवता येतं.